नि:शुल्क उपचार पाड्यापर्यंत पोचावेत म्हणून: सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि आरोग्य सेवा आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, मंत्रालय, मुंबई
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, आरोग्य भवन, मुंबई

सविनय नमस्कार,

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत केसपेपरपासून शस्त्रक्रियेपर्यंतचं शुल्क बंद झालं. हा निर्णय चांगला होता आणि आहे. खिडकीवर दहा-वीस रुपयांसाठी माणसाने घुटमळणं थांबलं. शुल्क पुन्हा सुरू करा असं कुणी म्हणालं तर आधी आम्हीच आडवे येऊ. आमचं म्हणणं वेगळं आहे. ही माफी सगळ्यांच्या वाट्याला सारखी आलेली नाही, आणि खात्याच्या आजच्या नोंदी पाहून ते कळणारही नाही.

शुल्क जिथे जास्त होतं तिथेच माफीही जास्त मिळाली. उपकेंद्रातल्या बहुतेक सेवा आधीपासून मोफत होत्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपरचे थोडे पैसे जात. बाळंतपणाचं तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे जून २०११ पासूनच शुल्क नव्हतं. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, शस्त्रक्रिया यांचे वेगवेगळे दर लागायचे ते मोठ्या रुग्णालयात. खरी बचत झाली ती तिथे, आणि तिथे पोचू शकणाऱ्यांची. जिल्ह्याच्या गावात रिक्षाने दहा मिनिटांत सिव्हिलला जाणाऱ्या माणसाचे हजार-दोन हजार वाचले. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा किंवा जव्हारच्या एखाद्या पाड्यावरून निघणाऱ्या बाईचे वाचले केसपेपरचे पैसे. तिचा बाकीचा सगळा खर्च होता तसाच राहिला.

तो खर्च कसला, ते पाहा. सोबत एक माणूस लागतो, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. दोघं दोन दिवस अडकले की १,२४८ रुपये गेले. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट आहे, त्याचा मोठा आधार झाला. पण एसटी जिथवर जाते तिथवरच. त्याच्या अलीकडचं काळीपिवळीचं भाडं पूर्ण द्यावं लागतं, आणि रात्री गाडी ठरवून करायची झाली तर गाडीवाला म्हणेल ते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशाच्या ग्रामीण भागात सरकारी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च बाळंतपणं वगळून ४,२९० रुपये निघाला होता. सरकारी दर तेव्हाही नाममात्रच होते. त्यात सर्वांत मोठा वाटा औषधांचा होता, आणि बुडालेली मजुरी तर त्यात धरलेलीच नाही.

म्हणून पहिला मुद्दा औषधांचा. 'हे औषध शॉर्ट आहे, बाहेरून आणा' हे वाक्य खिडकीवर ऐकू आलं की तिथे शुल्क परत आलं, फक्त वेगळ्या खिडकीवर. हा तुटवडा नेहमी पैशांअभावी किंवा कुणाच्या हयगयीने होतो असं नाही. पुष्कळदा तो मागणीपत्राच्या गणितातच असतो, आणि हे गणित दुरुस्त करायला एक रुपयाही लागत नाही.

समजा एका केंद्रात गेल्या वर्षी रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनच्या २४,००० गोळ्या वाटल्या गेल्या. त्यातले ४ महिने साठा शून्य होता. मागणीपत्र भरताना २४,००० भागिले १२ केलं की महिन्याचा खप २,००० येतो आणि पुढच्या वर्षासाठी पुन्हा २४,००० गोळ्या मागितल्या जातात. पण गोळ्या होत्या ८ महिने. खरा खप २४,००० भागिले ८, म्हणजे महिन्याला ३,०००. वर्षाची गरज ३६,०००. साठा नसलेले महिने कागदावर 'खप शून्य' दिसतात, पुढच्या वर्षीची मागणी त्यामुळे कमीच राहते, आणि पुन्हा तेवढेच महिने कोरडे जातात. शुल्क बंद झाल्यावर ओपीडी वाढते तेव्हा तर हा खड्डा आणखी खोल होतो, कारण मागणी जुन्या गर्दीच्या हिशेबाने केलेली असते. ई-औषधी या औषधसाठ्याच्या ऑनलाइन नोंद प्रणालीत साठा कुठल्या तारखेला संपला आणि कुठल्या तारखेला आला, दोन्ही नोंदलेलं असतं. तेव्हा साठा असलेल्या दिवसांनीच भागायचं, एवढा बदल मागणीपत्रात सक्तीचा करा. वर तीन महिन्यांचा राखीव साठा धरा. दुर्गम केंद्रांसाठी तो मे अखेरीस जागेवर पोचलेला हवा. एकदा मोऱ्या वाहून गेल्या की औषधाची गाडी तालुक्यालाच थांबते.

साठा कमी असला की औषधनिर्माता काय करतो? आलेल्या सगळ्यांना थोडं थोडं मिळावं म्हणून महिन्याऐवजी सात दिवसांच्या गोळ्या देतो. खिडकीच्या आतून पाहिलं तर हे न्यायाचंच वाटतं. बाहेरच्या माणसाला मात्र महिन्यात चार खेपा पडतात. चार दिवसांची मजुरी १,२४८ रुपये, आणि हातात काय, तर काही रुपयांच्या अठ्ठावीस गोळ्या. केंद्राशेजारच्या घरातला माणूस चालत येऊन घेऊन जातो, पाड्यावरचा दुसऱ्या आठवड्यापासून येणं सोडतो. पुढे कधीतरी तो अर्धांगवायू होऊन येतो. रक्तदाब, मधुमेह, फिट्स आणि सिकलसेलच्या गोळ्या ३० दिवसांच्या द्यायच्या, पावसाळ्यात ६० दिवसांच्या, आणि त्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडूनच मिळाव्यात. साठा अपुरा असेल तर कापायचं कुणाचं, तेही लिहून द्या: लांबच्याचं आधी कापू नका. जवळचा माणूस पुन्हा येऊ शकतो.

यात एक आकड्यांची गंमत नव्हे, घातक चूक लपलेली आहे. सात दिवसांच्या गोळ्या घ्यायला चार वेळा आलेला माणूस ओपीडीच्या आकड्यात चार वेळा मोजला जातो. औषध तुटलं की ओपीडी वाढलेली दिसते, आणि वाढलेली ओपीडी नि:शुल्क योजनेचं यश म्हणून अहवालात जाते.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. युगांडाने २००१ साली सरकारी दवाखान्यांतलं शुल्क बंद केलं. गर्दी वाढली, गरिबांचं येणं वाढलं. पण आजारपणात कर्जबाजारी करणारा खर्च गरिबांमध्ये काही कमी झाला नाही. अभ्यासकांनी त्याचं कारण दिलं ते हेच: सरकारी दवाखान्यात औषधं वारंवार नसायची, लोकांना ती बाहेरून विकत घ्यावी लागली. हातावर ठेवायचे पैसेही वाढले असावेत, असं त्यांनी नोंदवलं आहे. झांबियाने एप्रिल २००६ मध्ये आधी ग्रामीण म्हणून ठरवलेल्या ५४ जिल्ह्यांतलं शुल्क काढलं, शहरांचा विचार नंतर केला. निदान सुरुवात कुठून करायची हे तरी त्यांनी लांबच्या माणसाकडे बघून ठरवलं.

औषध असूनही उपयोग होत नाही असं कसं घडतं, ते सर्पदंशाच्या एका उदाहरणावरून सांगतो. पालघर, रायगड, रत्नागिरीत भातलावणीच्या दिवसांत फुरसं आणि घोणस चावल्याचे रुग्ण येतात. या विषाने रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायची तपासणी कुठल्याही केंद्रात होऊ शकते. काचेची स्वच्छ कोरडी नळी घ्यायची, त्यात शिरेतून काढलेलं २ मिलिलिटर रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता उभी ठेवायची, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू करायचं. चूक होते ती नळीत. काचेची नळी नसते म्हणून प्लॅस्टिकची वापरली जाते, किंवा काचेचीच नळी साबणाने धुऊन पुन्हा घेतली जाते. दोन्हींत चांगलं रक्तही नीट गोठत नाही. विष चढलेलं नसताना कुप्या खर्च होतात, आणि खरोखर विष चढलेला रुग्ण रात्री येतो तेव्हा कपाट रिकामं असतं.

मोठं असो की मूल, सुरुवातीचा डोस साधारण १० कुप्यांचा. विष मुलाच्या अंगात काही कमी भिनत नाही, म्हणून मुलाला कमी कुप्या हा समज धोक्याचा आहे. प्रत्येक कुपीतल्या भुकटीत १० मिलिलिटर पाणी घालून ती हलकेच फिरवायची, जोरात हलवली तर फेस होतो. मग ते सलाइनमध्ये मिसळून सुमारे तासाभरात द्यायचं, शेजारी अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन भरून ठेवून, कारण रिअ‍ॅक्शन आली तर मिनिटांचा प्रश्न असतो. ६ तासांनी रक्त पुन्हा तपासायचं, अजून गोठत नसेल तर पुन्हा १० कुप्या. म्हणजे एका रुग्णाला २० लागू शकतात. केंद्रात ५ कुप्या असतील तर ई-औषधीवर 'साठा उपलब्ध' दिसतं, आणि प्रत्यक्षात पहिला डोससुद्धा पुरा होत नाही. तिथला डॉक्टर रेफर करतो, त्यालाही दोष देता येत नाही. दोन तास घाटात जातात, ते विषाला मिळतात.

तेव्हा पावसात वाट तुटणाऱ्या प्रत्येक केंद्रात ३१ मेपर्यंत एवढं असावं: भुकटी स्वरूपातल्या २० कुप्या (वीज गेली तरी ही भुकटी लगेच खराब होत नाही, द्रवरूपातल्या औषधाला मात्र अखंड फ्रीज लागतो), न वापरलेल्या १० काचेच्या नळ्या, अ‍ॅड्रिनॅलिन, आणि नाग चावलेल्यासाठी निओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपिन. सोबत मोठ्यांच्या आणि लहान मुलांच्या मापाची एकेक अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. मण्यारीच्या दंशात श्वास थांबतो तेव्हा शहराच्या वाटेवर रुग्ण जगतो तो ही पिशवी दाबणाऱ्या हातामुळे. विंचवासाठी प्राझोसिनच्या गोळ्याही ठेवा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या स्वस्त गोळीचं मोल कोकणातच काम करून दाखवून दिलं, ती कोकणातल्याच केंद्रात नसणं बरं नाही.

सिझेरियनचं दुखणं वेगळं आहे. त्याला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त, तिन्ही एकाच वेळी एकाच छताखाली लागतात. तिन्हींपैकी एक नसलं की बाकी दोघांचा त्या बाईला उपयोग शून्य. एखाद्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ हजर, शस्त्रक्रियागृह नवं, रक्त साठवण केंद्राचा परवाना आहे, आणि भूलतज्ज्ञाचं पद रिक्त. तिथे बाईला रात्री नाशिक किंवा ठाण्याला पाठवावं लागतं. पदं भरायला वेळ लागतो हे आम्ही समजतो. तोवर शेजारच्या दोन रुग्णालयांनी मिळून एक भूलतज्ज्ञ वाटून घ्यावा, त्याचे वार ठरवावेत आणि ते आशाताईंना लेखी कळवावेत. आधीचं सिझर झालेल्या, जुळी असलेल्या, आडवं मूल असलेल्या बायका ओळखीच्याच असतात, त्यांची तारीख त्या वाराला धरता येते. सोनोग्राफीचंही तसंच. कायद्याने नोंदणी झालेला डॉक्टर नसेल तर मशीन सीलबंदच राहणार. महिन्याचे दोन ठरावीक दिवस तरी द्या.

१०८ बद्दल थोडक्यात. ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचवले. पण फोन लावायला रेंज लागते, आणि अनेक पाड्यांवर त्यासाठी टेकडी चढावी लागते. गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येते, तिथवर रुग्णाला डोलीतून आणायला चार ते सहा धट्टीकट्टी माणसं लागतात. दिवाळीनंतर ती माणसं कामासाठी वीटभट्टीवर गेलेली असतात. अशा पाड्यांसाठी माहेरघर हा खरा उपाय आहे: तारखेच्या आधीच बाईने केंद्रापाशी येऊन राहायचं. ते रिकामं का पडतं? खोली असते, पण सोबत आलेल्या लहान मुलांचं जेवण आणि नवऱ्याची बुडालेली मजुरी यांची पुरेशी सोय नसते. कुपोषित मुलाला दाखल केलं की पालकाला बुडीत मजुरी देण्याची पद्धत आपल्याच राज्यात आहे. तीच माहेरघराला आणि सर्पदंशाच्या रुग्णासोबत राहणाऱ्यालाही लावा, आणि पैसे घरी जाण्याच्या दिवशी हातात द्या. सहा महिन्यांनी खात्यात येणाऱ्या मजुरीचा निघताना भरवसा धरता येत नाही. परतीचीही गाडी द्या. बाळंतिणीला ती मिळते, पाय कापलेल्या माणसाला मिळत नाही. मृतदेह न्यायला तर कित्येकदा काहीच मिळत नाही. गरीब माणसाला सगळ्यात महाग पडतो तो हाच प्रवास.

आता मुंबईबद्दल, कारण या सगळ्या वाटा शेवटी इथे येतात. १५ ऑगस्टचा निर्णय आपल्या विभागाच्या संस्थांपुरता आहे. केईएम, सायन, नायर महापालिकेची. जे.जे. वैद्यकीय शिक्षण विभागाचं. विक्रमगडहून निघालेला रुग्ण ग्रामीण रुग्णालयात नि:शुल्क असतो, उपजिल्ह्यात नि:शुल्क असतो, आणि आजार गंभीर झाला म्हणून त्याला मुंबईला पाठवलं की विभाग बदलतो आणि त्याचा हक्क तिथेच संपतो. रोग जितका मोठा तितकी माफी कमी, असा उलटा हिशेब झाला आहे.

महात्मा फुले योजना आहे, पण ती दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे आणि तिला कागद लागतात. सरकारी गाडीतून रात्री बेशुद्ध आलेल्या रुग्णाजवळ रेशनकार्ड नसतं. हाड मोडलेल्याला प्लेट बसवायची तर मंजुरीसाठी रेशनकार्ड, आधार, नावात फरक असेल तर तो दुरुस्त केल्याचा पुरावा, हे सगळं हवं. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी समाजसेवा विभागाकडून पुअर बॉक्स चॅरिटी फंडाची किंवा धर्मादाय संस्थेची मदत मागायची तर उत्पन्नाचा दाखला हवा, आणि तो देणारं तहसील कार्यालय शनिवार-रविवार बंद. मग सोबतचा एकटा माणूस रुग्णाला वॉर्डात सोडून डहाणू लोकल पकडतो, पुढे जीपने गावी जातो, आणि दोन-तीन दिवसांनी कागद घेऊन येतो. तोवर शस्त्रक्रियेची यादी पुढे सरकलेली असते.

यावरचा उपाय पाठवणाऱ्याच्या टेबलावर आहे. रेफर चिठ्ठीसोबत एक पान जोडा: रेशनकार्ड क्रमांक, आधार, नातेवाइकाचा फोन, आतापर्यंत दिलेली औषधं आणि वेळ, मुंबईत कुणाशी बोलणं झालं आणि खाट आहे का. कागद पाड्यावर राहिले असतील तर आशाताईने फोटो काढून पाठवावा आणि तो ग्राह्य धरला जावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आपल्या विभागाचा शिक्का असलेली रेफर चिठ्ठी हाच महापालिका आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत शुल्कमाफीचा पुरावा मानावा, असा आदेश आपला विभाग, वैद्यकीय शिक्षण आणि महापालिका ज्याच्याखाली येते तो नगरविकास, अशा तिन्ही विभागांनी मिळून काढावा. तिन्ही विभागांचे मंत्री एकाच मंत्रिमंडळात बसतात. नातेवाइकांच्या राहण्याचं तेवढंच निकडीचं आहे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करुग्णांसाठी करते ते काम किती मोलाचं आहे, हे परळच्या फूटपाथवर झोपलेली कुटुंबं पाहिली की कळतं. बाकी आजारांसाठी तशी जागा सरकारने उभी करावी.

शुल्क बंद झाल्यावर केंद्राच्या हाताशी असलेली रोकडही गेली, याचाही विचार व्हावा. रक्कम लहान होती, पण जनरेटरचं डिझेल, फ्रीजची दुरुस्ती, अडीअडचणीला आणलेलं एखादं इंजेक्शन त्यातून भागायचं. प्राथमिक केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला वर्षाला १ लाख ७५ हजार धरले तर महिन्याला साडेचौदा हजार होतात. हे पैसे आर्थिक वर्षाच्या शेवटाकडे आले तर जुलैच्या तुटवड्याला त्यांचा काय उपयोग? निम्मी रक्कम एप्रिलमध्येच मिळावी, आणि ओपीडी किती वाढली त्या प्रमाणात ती वाढावी. दुर्गम केंद्राला जास्त, कारण तिथे मेकॅनिक बोलावण्याचं भाडंच यंत्राच्या दुरुस्तीहून जास्त होतं.

राहिला मोजमापाचा प्रश्न. ओपीडीचा आकडा पुरेसा नाही. महिन्यातून दोन दिवस, आधी न सांगता, औषधाच्या खिडकीवर ३० चिठ्ठ्या घ्या. डॉक्टरांनी किती औषधं लिहिली, किती मिळाली, किती दिवसांची मिळाली, एवढं मोजा आणि तालुकावार जाहीर करा. तासाभराचं काम आहे.

आणि केसपेपरवर एक रकाना वाढवा. आज त्यावर गावाचं नाव असतं. पालघरमधल्या एकेका महसुली गावात आठ-दहा पाडे असतात, काही केंद्रापासून हाकेच्या अंतरावर, काही नदीपलीकडे. नोंद एकाच गावाची होते, त्यामुळे गावठाणातले लोक वारंवार आले की सगळं गाव येतंय असं वाटतं, आणि नदीपलीकडून जून ते सप्टेंबर एकही माणूस आला नाही हे कुणाच्याच ध्यानात येत नाही. तिथे पाड्याचं नाव लिहायला जागा करा, आणि शेजारी विचारा: इथे पोचायला किती वेळ लागला? वर्षभराने ते रकाने तालुकावार मांडा आणि त्यात कुठल्या पाड्यांची नावं एकदाही आलेली नाहीत तेवढीच यादी काढा. पुढची गाडी, पुढची नर्स आणि पुढचा औषधसाठा त्या यादीच्या क्रमाने द्या.

आपले,
मुंबई आणि पालघरच्या सार्वजनिक रुग्णसेवेत काम करणारे औषधनिर्माते, परिचारिका आणि समाजसेवा अधीक्षक
मुंबई